हल्कची तीन मनं आणि डॉक सॅमसनची घाई

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: 'द इनक्रेडिबल हल्क' या अमेरिकन कॉमिकच्या ३७७ व्या अंकात डॉक सॅमसन हा मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस बॅनरला, म्हणजे ज्याचा हल्क नावाचा राक्षस होतो त्या शास्त्रज्ञाला, संमोहनाखाली नेतो. बॅनर, हिरवा हल्क आणि करडा हल्क या डोक्यातल्या तिघांना तो समोरासमोर आणतो आणि एकाच बैठकीत तिघांचा एक करून टाकतो. खऱ्या पेशंटच्या बाबतीत असं होतं का? होत असेल तर किती दिवस लागतात? आणि एक झालेला तो माणूस नक्की कोण, तिघांपैकी एक की चौथाच कुणी?

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, प्रॅक्टिसला वीसहून जास्त वर्षं झाली. हा अंक एमबीबीएसला असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतला होता. किती रुपयांना ते आठवत नाही, पण पावसात भिजून पानं एकमेकांना चिकटली होती आणि ब्लेडने सोडवावी लागली होती, ते पक्कं आठवतं. तेव्हा सॅमसन मला फार भारी वाटला होता. पुढे पेशंट बघायला लागल्यावर त्याच्याबद्दलचं मत हळूहळू बदलत गेलं.

थोडक्यात सांगायचं तर, तिघे समोरासमोर येणं शक्य आहे, मी पाहिलंय. एका बैठकीत एक होणं शक्य नाही. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खुद्द कॉमिकनेच पुढे दिलं, आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाला शोभेल असं आहे.

आधी हे तिघे आले कुठून ते बघू, कारण उपचाराचं कोडं तिथेच आहे.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये हल्क काढला तेव्हा फूट साधी होती. दिवसा शास्त्रज्ञ, रात्री राक्षस. एकाच देहातला सज्जन जेकिल आणि दुष्ट हाइड, त्या जुन्या कादंबरीची छाया स्पष्ट होती, स्टॅन लीने तसं मान्यही केलं होतं. पहिल्या अंकात हल्क करडा होता. पण त्या काळच्या छपाईत करडा रंग एकसारखा उमटेना, एका पानावर फिका तर दुसऱ्यावर काळपट. म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा केला. कारण एवढंच, शाईचं. पुढे १९८६ मध्ये करडा हल्क मुद्दाम परत आणला गेला आणि पीटर डेव्हिड या लेखकाने त्याला स्वतंत्र स्वभाव दिला. हा लास व्हेगासमध्ये कॅसिनोमालकाचा वसुलीवाला होतो, सूट घालतो, टोमणे मारतो, स्वतःला जो फिक्सिट म्हणवतो. छापखान्यातल्या एका अडचणीतून एक अख्खं मन तयार झालं. ऐकायला गंमत वाटेल, पण पेशंटमध्येही वेगळा भाग उभा राहायला लागणारं निमित्त कधीकधी इतकंच किरकोळ असतं: एखादं टोपणनाव, शाळेतला एखादा धीट मुलगा, टीव्हीवरचं एखादं पात्र. निमित्त किरकोळ असतं, त्याच्या मागची गरज मात्र किरकोळ नसते.

ती गरज १९८५ च्या ३१२ व्या अंकात बिल मँटलो या लेखकाने दाखवली. बॅनरचा बाप ब्रायन दारुडा आणि हिंसक. अणुप्रकल्पात काम केल्यामुळे आपल्यात बिघाड झालाय आणि हा हुशार पोरगा म्हणजे त्याच बिघाडातून जन्मलेला राक्षस, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. तो पोराला मारतो आणि पोराच्या देखत त्याच्या आईला, रिबेकाला, ठार करतो. गॅमा बॉम्बच्या स्फोटात बॅनर सापडला ते पुढे वीस-पंचवीस वर्षांनी. म्हणजे किरणांनी हल्कला फक्त शरीर दिलं. हल्क त्या घरातच तयार झाला होता.

आता सन बघा. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-३ या निदानपुस्तिकेत बहुव्यक्तिमत्त्व विकार स्वतंत्र निदान म्हणून आला. १९८४ मध्ये या विकाराचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये बॅनरच्या बालपणाची गोष्ट आली, १९९१ मध्ये ३७७ वा अंक. अमेरिकेत त्या दहा वर्षांत या निदानाची अक्षरशः लाट होती. कॉमिक त्या लाटेतलंच आहे, तिचे गुण आणि तिचे दोष दोन्ही घेऊन.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. मराठीत 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' हा शब्द आपण स्किझोफ्रेनियासाठीही वापरतो आणि यासाठीही. हे दोन संपूर्ण वेगळे आजार आहेत. स्किझोफ्रेनियात माणूस एकच असतो, त्याचं वास्तवाशी नातं सुटतं: भास होतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी खात्री वाटते. आपण बोलतोय त्या विकारात, म्हणजे १९९४ पासून ज्याला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर किंवा डीआयडी म्हणतात त्यात, ओळखच तुकड्यातुकड्यांत असते. एका तुकड्याने केलेलं दुसऱ्याला आठवत नाही. पेशंट येतात ते 'माझ्यात तिघं राहतात' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'डॉक्टर, माझ्या पर्समध्ये सिन्नरच्या एसटीचं तिकीट निघालं आणि मी सिन्नरला गेलेच नाहीये.' फाटक्या कपड्यांनिशी भलत्याच ठिकाणी जाग येणारा बॅनर मला त्यामुळे कधीच अतिशयोक्ती वाटला नाही.

आपल्याकडे याचं रूप बहुतेक वेळा वेगळं दिसतं. भारतात डीआयडीचं निदान फार कमी होतं. १९८९ मध्ये काही भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी मोजक्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हाही मुद्दा हाच होता की इथे हे अंगात येण्याच्या रूपात जास्त भेटतं. २०१३ च्या डीएसएम-५ ने 'दुसऱ्या कुणीतरी ताबा घेतल्याचा अनुभव' हा प्रकारही डीआयडीच्या व्याख्येत घेतला. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अंगात येण्याच्या विकाराला वेगळं खातं आहे. म्हणून जत्रेत घुमणारी प्रत्येक बाई आजारी ठरत नाही. जे समाजाच्या रीतीत बसतं, ठरल्या वेळी येतं, ठरल्या वेळी जातं आणि तिला त्रास देत नाही, त्याला आम्ही हात लावत नाही. तिच्या इच्छेविरुद्ध, कधीही, कुठेही होतं आणि संसार-नोकरी मोडकळीला येते, तेव्हा तो आमचा विषय.

आता सॅमसनकडे येऊ. लिओनार्ड सॅमसन १९७१ पासून या मालिकेत आहे. स्वतः गॅमा किरणं घेतलेला, हिरव्या लांब केसांचा मानसोपचारतज्ज्ञ. आल्या आल्या पहिल्याच गोष्टीत पेशंटच्या प्रेयसीच्या, बेटीच्या, मागे लागतो. आमच्याकडे एवढ्यावर नोंदणी रद्द होईल. पण ते सोडा.

जॉन बर्न ही मालिका लिहीत होता त्या काळात, १९८५-८६ च्या अंकांत, याच सॅमसनने बॅनर आणि हल्कला शरीरानेच वेगळं केलं होतं. म्हणजे आधी उपाय कापाकापीचा. काय झालं? बॅनरशिवायचा हल्क पूर्ण बिनडोक, दिसेल ते फोडत सुटला. बॅनरने बेटीशी लग्न केलं खरं, पण पुढे दोघेही खंगायला लागले आणि मरू नयेत म्हणून त्यांना परत जोडावं लागलं. बाकी कॉमिक कसंही असो, एवढं एक कथानक मी प्रत्येक ज्युनियरला सांगतो. पेशंटचे घरचे येतात तेच मुळी 'ते काढून टाका' म्हणत. भगताकडेही तेच मागणं असतं, आमच्याकडेही तेच. फरक एवढाच की भगत झाडूने काढतो आणि आम्ही गोळीने काढावं अशी अपेक्षा असते. (भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता.) पण काढून टाकण्यासारखं आत बाहेरचं काही नसतंच. जे आहे ते त्याच माणसाचं आहे. हल्क म्हणजे बॅनरचा राग, बॅनरची भीती, बॅनरचं लेकरूपण. ते काढलं तर बॅनर उरत नाही.

कापण्याचा प्रयोग फसल्यावर पाचेक वर्षांनी ३७७ वा अंक येतो आणि सॅमसन उलट टोकाला जातो: जोडा. चित्रं डेल किऑनची आहेत, अजूनही बघत राहावीत अशी. सॅमसन रिंगमास्टर नावाच्या, टोपीने लोकांना संमोहित करणाऱ्या एका गुन्हेगाराची मदत घेतो. बॅनर आपल्याच आठवणींत उतरतो. तिथे लहान ब्रूस आहे, बाप आहे, आईचा मृत्यू आहे आणि अपराधाच्या भावनेचा एक अक्राळविक्राळ प्राणी आहे, ज्याच्यात बापाची खूण दिसते. तिघे भांडतात, मग जे घडलं ते तिघेही एकत्र बघतात, आणि शेवटी एकमेकांत मिसळून जातात. बाहेर येतो तो हिरव्याच्या ताकदीचा, बॅनरच्या बुद्धीचा आणि करड्याची थोडी धिटाई असलेला नवा हल्क. याला पुढे 'प्रोफेसर' म्हणायला लागले.

यातलं बरोबर काय? दोन गोष्टी. तिघांनी मिळून तीच आठवण बघणं, हे खरं मर्म आहे. तोवर प्रत्येकाकडे त्या घटनेचा एकेक तुकडा होता: बॅनरकडे कोरडी माहिती, हिरव्याकडे राग आणि रडू, करड्याकडे 'कुणावर विश्वास ठेवायचा नाही' हा धडा. तुकडे एकत्र आल्याशिवाय त्या मुलासाठी ती रात्र संपत नाही. आणि दुसरं म्हणजे सॅमसन कुणालाही खोटा ठरवत नाही. तिघेही खरे आहेत असं धरून बोलतो.

चुकलं ते वेळेत. या उपचाराचे तीन टप्पे मानतात, आणि ही मांडणी मुळात पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. पहिला टप्पा सुरक्षिततेचा: माणूस आज, इथे, स्थिर राहू शकला पाहिजे. दुसरा आठवणींचा. तिसरा जोडण्याचा. पहिल्याच टप्प्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. या काळात आम्ही जे करतो त्याचं कुणी कॉमिक काढणार नाही: झोप नीट लावणं, हात कापून घेणं थांबवणं, घाबरल्यावर पाय फरशीवर टेकवून गारवा जाणवतोय का ते बघणं, कापराचा वास घेणं, आज कोणता वार ते मोठ्याने सांगणं. सॅमसनने हे सगळं ओलांडून थेट बापाच्या आठवणीत उडी मारली. पायाआधी कळस. खऱ्या पेशंटला असं नेलं तर तो एकत्र होत नाही, आणखी फुटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या हातून झालंय.

प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं. (तपशील बदललेत, दोन-तीन जणींचं मिळून एक लिहितोय.) पस्तिशीच्या शिक्षिका होत्या. घरचे म्हणायचे, अंगात येतं. दोन वेगळे भाग दिसायचे. एक लहान मुलगी, टेबलाखाली शिरून बसायची. दुसरा स्वतःला 'दादा' म्हणवायचा. आवाज भरडा, बसण्याची ढब पुरुषी, तोंडात शिव्या. सासऱ्यांच्या अंगावर धावून गेला होता, मॅडमच्याच हातावर ब्लेडने ओढायचा आणि 'हिला अक्कल नाही' म्हणायचा. मी तेव्हा सॅमसनच्या जोशात. ठरवलं की मूळ व्यक्ती वाचवायची तर या दादाला आधी घालवायला हवं. एका बैठकीत मी त्याला स्पष्ट सांगितलं, 'आता तुमची गरज नाही, तुम्ही गेलात तर त्या सुखाने राहतील.' तो हसला आणि म्हणाला, 'बरं.' त्या रात्री मॅडमना टाके घालायला न्यावं लागलं. पुढचे चार महिने त्या फिरकल्या नाहीत.

परत आल्या त्या स्वतःहून नाही आल्या. दादा घेऊन आला. मी या वेळी काहीच समजावलं नाही. विचारलं, 'तुम्ही किती वर्षं पहारा देताय?' बराच वेळ गप्प होता. मग खिडकीकडे बघत म्हणाला, 'ती चौथीत होती तेव्हापासून. मध्ये कुणी सुट्टी दिली नाही.'

तेवढ्या एका वाक्यात मला ते सगळं प्रकरण उलगडलं. चौथीत काय झालं ते इथे सांगण्याची गरज नाही. ती मुलगी कुणाशी लढू शकत नव्हती, म्हणून लढणारा एक तयार झाला. तो मॅडमवर ओरडायचा कारण त्या गप्प बसल्या नाहीत तर मार पडेल हे तो नऊ वर्षांच्या अकलेने शिकला होता. आता त्या मोठ्या झाल्यात, मारणारा हयातही नाही, ही बातमी त्याच्यापर्यंत कुणी पोचवलीच नव्हती. पहिली काही सत्रं आम्ही फक्त तेच केलं. भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. त्यांचा पगाराचा कागद दाखवला. दादाने तो कागद उलटून पालटून बघितला आणि विचारलं, 'हे सगळे पैसे हिचे?'

मग एक दोनशे पानी वही ठेवली. ज्याला जे सांगायचं ते त्यात लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. मॅडमचं अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, मोत्यासारखं. छोटीचं पेन्सिलीत, ओळी सोडून. दादा बॉलपेन इतकं दाबून लिहायचा की मागच्या पानावर उठायचं. पहिलं पान त्याचं: 'वाचून काय उपयोग.' तिसऱ्या महिन्यात त्याच्याखाली मॅडमनी लिहिलं होतं, 'उपयोग होतोय. काल तू सांगितलंस म्हणून मी त्या लग्नाला गेले नाही.' दादाला त्यांनी पहिल्यांदा 'तू' लिहिलं होतं. तोवर 'ते' असायचं, नपुंसकलिंगी.

हल्कच्या गोष्टीत या वहीला समांतर काहीतरी अधूनमधून दिसतं, बॅनर आणि करडा एकमेकांना निरोप ठेवतात वगैरे. पण सॅमसन ते वाढू देत नाही. त्याला निकाल हवा असतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, एक झालेला तो कोण?

आमच्या भाषेत दोन शब्द वेगळे आहेत. एक विलीन होणं, म्हणजे दोन भागांमधली सीमा पुसली जाण्याची घटना. दुसरं एकात्म होणं, म्हणजे वर्षानुवर्षं चालणारी प्रक्रिया: एकमेकांना ओळखणं, आठवणी वाटून घेणं, एकमेकांच्या कामाला मान देणं. विलीन होणं हा तिच्यातला एखादा टप्पा, आणि तो प्रत्येकाच्या वाट्याला येतोच असं नाही. रिचर्ड क्लुफ्ट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी ऐंशीच्या दशकात नियम सांगितला की किमान सलग तीन महिने टिकल्याशिवाय कुणालाही 'एक झाला' म्हणू नका. कारण खोट्या विलीनीकरणाचा अनुभव सगळ्यांनाच येत होता. पेशंटला वाटतं डॉक्टरांना हेच हवंय. मग आत एक नवा भाग तयार होतो, ज्याचं कामच मुळी 'मी बरा झालो' असं दाखवणं. बाकीचे मागे जाऊन बसतात.

'प्रोफेसर'चं नेमकं तेच निघालं. चारेक वर्षं तो शहाण्यासारखा वागला. मग १९९५ च्या सुमारास कळलं की त्याला आतूनच एक खटका बसवलेला आहे: राग हाताबाहेर गेला तर त्याचं रूपांतर बॅनरच्या दुबळ्या शरीरात होतं, आणि त्या शरीरात मन असतं हिरव्या हल्कचं. म्हणजे राग सामावला गेलाच नव्हता, त्याला फक्त निरुपद्रवी कोठडीत ठेवलं होतं. पुढे पॉल जेनकिन्स या लेखकाच्या अंकांत तर उघडच झालं की प्रोफेसर हा तिघांची बेरीज नव्हताच, तोही आणखी एक वेगळा भाग होता. कित्येक वाचक तेव्हा चिडले, जुनी आवडती गोष्ट मोडली म्हणून. मला वाचताना वाटलं, या लेखकाने एकतर अभ्यास केलाय नाहीतर कुणाला तरी जवळून पाहिलंय.

प्रत्यक्षातलं प्रसिद्ध उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतली 'ईव्ह'. जॉर्जियातल्या थिगपेन आणि क्लेकली या डॉक्टरांनी तिच्या तीन व्यक्तिमत्त्वांची केस पन्नासच्या दशकात मांडली, १९५७ मध्ये सिनेमा निघाला, जोआन वुडवर्डला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सिनेमात शेवट गोड. खरी ईव्ह म्हणजे क्रिस कॉस्टनर साइझमोर. १९७७ मध्ये तिने आत्मचरित्रात सांगितलं की व्यक्तिमत्त्वं तीन नव्हती, वीसहून जास्त होती, आणि 'बरी झाली' असं जगाला सांगितलं गेलं तेव्हा ती बरी झालेलीच नव्हती. खरं बरं वाटलं ते कितीतरी वर्षांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडे.

इथे दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी एकांगी ठरेन. माझ्याच पेशातल्या बऱ्याच जणांना डीआयडीबद्दल शंका आहे. निकोलस स्पॅनॉससारख्या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की हे भाग बऱ्याचदा उपचार करणाऱ्याच्या सूचनांमधून आणि आजूबाजूच्या गोष्टींमधून घडतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत संमोहनाखाली 'परत मिळालेल्या' आठवणींवरून खटले झाले, पुढे त्यांतल्या काही आठवणी खोट्या निघाल्या आणि डॉक्टरांवरही दावे लागले. त्यामुळे आज कुणी आठवण उकरण्यासाठी संमोहन वापरत असेल तर मी पेशंटला तिथून उठायला सांगेन. रिंगमास्टरची टोपी म्हणूनच खटकते. ज्या माणसाचं सगळं दुःख 'माझ्यावर दुसऱ्याचा ताबा होता' हेच आहे, त्याला बरं करायला पुन्हा दुसऱ्याचाच ताबा? माझं स्वतःचं मत: आजार खरा आहे, आणि उत्साही डॉक्टर तो वाढवू शकतो हेही खरं आहे. नवा भाग दिसला की मी त्याला नाव विचारत नाही. त्याला काय सांगायचंय तेवढं विचारतो.

जुळवून घेण्याची सर्वांत चांगली गोष्ट मला एका अंकात नाही, पन्नास अंकांत सापडली. अल यूइंग या लेखकाची 'इम्मॉर्टल हल्क' ही मालिका, २०१८ ते २०२१. सॅमसनच्या काळी तिघे होते, आता एक अख्खं एकत्र कुटुंब आहे. त्यात डेव्हिल हल्क नावाचा सर्वांत भीतिदायक भाग आहे. आधीच्या लेखकांनी त्याला शुद्ध वाईट ठेवला होता. यूइंगने त्याला उलगडून दाखवलं की हा बॅनरच्या मनाने स्वतःसाठी घडवलेला बाप आहे, खरा बाप जे कधीच नव्हता ते. तो भयंकर आहे कारण त्या मुलाला भयंकर राखणदार हवा होता. दिवसा बॅनरच्या साध्या शरीरात करडा, म्हणजे 'जो फिक्सिट', व्यवहार सांभाळतो, हिरवा हल्क लहान मूल आहे हे सगळ्यांनी स्वीकारलंय. विलीन कुणी होत नाही. चुली वेगळ्याच राहतात, पण एकमेकांच्या घरी येणंजाणं सुरू होतं. अंगावर येणाऱ्या चित्रांची सवय नसेल तर हा जपून वाचा, रक्तमांस बरंच आहे.

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' या सिनेमाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिथे बॅनर चष्मा लावून हॉटेलात बसून सांगतो की अठरा महिने प्रयोगशाळेत घालवले आणि दोघांचा मेळ घातला. अठरा महिने हा आकडा सॅमसनच्या एका बैठकीपेक्षा बरा. पण ते अठरा महिने पडद्याबाहेर गेले, आणि गोष्ट तर तीच होती. हल्कचं त्यात काय म्हणणं होतं हे कुणी विचारतही नाही. मून नाइट या दुसऱ्या कॉमिक नायकाच्या बाबतीत २०१६ ची जेफ लेमायरची मालिका जास्त प्रामाणिक वाटते: तो, म्हणजे मार्क, शेवटी आपल्यातल्या स्टीव्हन आणि जेक या भागांना हाकलत नाही, आपले म्हणतो.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी मित्राबद्दल लिहिलंय, रील्स बघून त्याला वाटतं की आपल्यातही दोघं-तिघं आहेत. त्याला नाही म्हणून झटकू नका आणि हो म्हणून नावंही देऊ नका. एवढंच विचारा की वेळेचे तुकडे गायब होतात का: स्वतः केलेली खरेदी, पाठवलेले मेसेज, केलेला प्रवास आठवत नाही असं होतं का? होत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. आणि आधी फिट, थायरॉइड, नशा हे तपासून घ्यायला हवं, कारण विसर पडण्याची साधी कारणंही बरीच असतात. कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल तर आजच.

त्या शिक्षिका अजून येतात, आता तीन-चार महिन्यांतून एकदा. छोटीचं पेन्सिलीतलं अक्षर वहीत यायचं बंद झालं, नक्की कोणत्या दिवशी ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. मॅडमना एवढंच जाणवलं की पावसात खिडकीशी बसायला आता आपल्याला आवडतं. दादा आहे. विलीन व्हायचं नाही म्हणतो, मीही आग्रह करत नाही. ब्लेड सोडून सात वर्षं झाली. पालकसभेत कुणी आवाज चढवला की तो शेजारी येऊन उभा राहतो, बोलतात मात्र मॅडमच.

एकदा त्यांना हा ३७७ वा अंक दाखवला होता, ब्लेडने सोडवलेल्या पानांसकट. सॅमसनच्या बैठकीची पानं त्यांनी सावकाश उलटली. मध्येच आवाज थोडा भरडा झाला.

'एवढं सगळं बोलतोय हा डॉक्टर,' दादा म्हणाला, 'त्या हिरव्याला कुणी विचारलं का, जेवलास का म्हणून?'